वहिनी, उतार बरोबर नाही

डाव्या कानात अजून पाणी आहे. मान तिकडे कलती केली की आत ‘बुळुक’ होतं, सरळ केली की पुन्हा ‘बुळुक’. एका पायावर उड्या मारून काढावं, तर उड्या मारायला बंदी. कानात बोट घालून हलवावं, तर आतल्या खोलीतून ओरडा येतो, “डोळ्याच्या आसपास हात नेऊ नकोस!” कान डोळ्याच्या आसपास असतो हे मला आत्ता कळतंय.

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उत्तम झालं, त्याबद्दल काही तक्रार नाही. दुखलं नाही, वेळ लागला नाही आणि पट्टी काढल्यावर समोरची भिंत पांढरी आहे असं समजलं. इतकी वर्षं मी तिला बदामी समजून चालले होते. घरी सोडताना थेंबांचं वेळापत्रक दिलं, झोपताना डोळ्यावर चिकटवायची भोकाभोकांची प्लास्टिकची वाटी दिली आणि एक छापील कागद दिला. पुढचं सगळं महाभारत त्या कागदातलं.

कागदावर लिहिलंय, ‘चेहऱ्यास व डोळ्यास पाणी लागू देऊ नये.’ त्याच्याखाली, जरा अंतर ठेवून, ‘केस धुण्यास हरकत नाही. मात्र वरील सूचनेचे काटेकोर पालन करावे.’

हे ज्यांनी लिहिलं त्यांना मला एकदा भेटायचंय. बोलायचं काही नाही, फक्त त्यांचे केस बघायचेत. असतील तर.

कागद हातात पडला तेव्हाच मी तिथल्या मुलीला विचारलं होतं, “हे करायचं कसं?”

“मान मागे करून धुवायचे, काकू.”

“मी मान मागे केली तर पाणी कोण ओतणार?”

“घरातलं कुणीतरी,” असं म्हणून तिने पुढचं नाव पुकारलं.

इथे मला थांबायलाच हवं. पथ्याच्या प्रत्येक कागदाच्या मागे हे घरातलं कुणीतरी उभं असतं. दर काही तासांनी थेंब कोण घालणार, जखम कोण पुसणार, रात्री उठून ताप कोण बघणार? घरातलं कुणीतरी. त्याला पगार नाही, प्रशिक्षण नाही, रजा नाही. आमच्या घरात ते कुणीतरी आजवर मीच होते. सासूबाईंचं हाड मोडलं तेव्हा मी, मुलांच्या कांजिण्या आल्या तेव्हा मी, आमच्या ह्यांची पाठ धरली तेव्हा तर मी होतेच. आता ते कुणीतरीच आडवं झाल्यावर पुढे काय, याचा विचार कागद छापणाऱ्यांनी केलेला नाही. आमच्या घरच्यांनीही केलेला नव्हता. त्यांनी केला तो थेट समिती नेमण्याचा.

तसं डोळ्याच्या बाबतीत माणसाने काय काय करून ठेवलंय! दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे ॲक्रिलिकचे कण घुसले, तरी डोळा त्यांच्यावर फारसा चिडला नाही, हे हॅरोल्ड रिडले नावाच्या इंग्रज डॉक्टरने हेरलं. त्यावरून १९४९ साली लंडनमध्ये त्याने माणसाच्या डोळ्यात पहिल्यांदा कृत्रिम भिंग बसवलं. पुढे चार्ल्स केलमन हा अमेरिकन डॉक्टर दाताच्या दवाखान्यात आ करून बसलेला असताना दात साफ करायचं ते कंप पावणारं यंत्र पाहून त्याला सुचलं, की मोतीबिंदूही असाच आतल्या आत फोडून ओढून घेता येईल. १९६७ सालापासून ते तंत्र आहे. म्हणून आता चीर दोन-तीन मिलिमीटरची असते आणि बहुतेकदा तिला टाकाही लागत नाही, ती आपली आपण मिटते. त्याआधी मोठी चीर असायची आणि रुग्णाला डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून दिवसच्या दिवस निजवून ठेवत.

एवढं सगळं झालं. दाताच्या खुर्चीत बसून माणसाला मोतीबिंदू सुचतो, मग केस कापायच्या खुर्चीत बसून कुणालाच काही कसं सुचलं नाही?

चीर आपली आपण मिटते, पण मिटेपर्यंत ती एक दार आहे. नळाच्या पाण्यातलं काही त्या दारातून आत गेलं आणि डोळ्याच्या आत संसर्ग झाला, तर दृष्टी जाऊ शकते. असं क्वचितच होतं, पण ‘क्वचित’ हा शब्द डॉक्टरांना धीर देतो, मला देत नाही. त्यामुळे मी घाबरलेली होते हे खरं. ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही, कारण सगळे कामाला लागले होते.

केस माझे कमरेपर्यंत आहेत. पांढरे झालेत, पातळ झालेत, पण आहेत. माणसाच्या डोक्यावर साधारण लाखभर केस असतात म्हणतात. माझे त्यातले निम्मे गळून गेले असतील असं धरलं, तरी पन्नास हजारांचा कारभार उरतोच. न धुता दिवस जायला लागले तशी टाळू रात्री अडीचला जागी व्हायला लागली. खाजवावं तर डोक्याला हिसका बसतो, न खाजवावं तर झोप नाही. भेटायला येणारं प्रत्येक माणूस आल्याआल्या एकच सांगायचं, “कापून टाका हो, आता काय करायचेत एवढे केस!” यातल्या एकानेही कधी ह्यांना, ‘आता काय करायच्यात एवढ्या मिशा’ असं विचारलेलं मला आठवत नाही.

भाचीने एक व्हिडिओ पाठवला. कॅरन नायबर्ग या अंतराळवीर बाईंनी २०१३ साली अंतराळ स्थानकात आपले लांब केस कसे धुतले ते त्यात आहे. पिशवीतून कोमट पाण्याचे चार थेंब टाळूवर सोडायचे, न धुता पुसायचा शाम्पू चोळायचा, टॉवेलने पुसायचं, संपलं. केस वरच्या वर उभे, चेहरा कोरडा, बाई हसतमुख. खाली भाचीचा मजकूर, ‘मामी, अंतराळात जमतं, मग तुला का नाही?’ अगं, त्या बाईंचं पाणी खाली येतच नाही, कारण तिथे खाली असं काही नाहीच! शिवाय त्याच स्थानकावर, त्याच वर्षी जुलैत, लुका पार्मिटानो हे त्यांचे इटालियन सहकारी बाहेर काम करत असताना त्यांच्या शिरस्त्राणात पाणी गळायला लागलं. लिटर-दीड लिटर. ते डोक्यामागून पुढे सरकत डोळ्यांवर आणि नाकावर आलं आणि तिथेच बसलं. ओघळेनाच. दिसेनासं झालं, श्वास घेणं मुश्कील झालं. बिचारे चाचपडत दारापर्यंत आले म्हणून वाचले. हा व्हिडिओ भाचीने पाठवला नाही.

न धुता पुसायचा शाम्पू मलाही चालला असता. तो पृथ्वीवर मिळतो, रुग्णालयांत वापरतात, डोक्यावर घालायच्या ओल्या टोपीसारखाही येतो. तो मागवावा असं मी सुचवलं. तेवढ्यात भावजी आले.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांची सगळी नोकरी धरणांवर आणि कालव्यांवर गेली. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी पाणी दिसलं की त्यांच्या अंगात खातं संचारतं. कुणाच्याही घरी गेले की आधी छताचे कोपरे बघतात, मग माणसं. हात धुऊन आले की, “मोरीचा उतार दाराकडे आहे, कुणी केलं हे काम?” असं विचारतात. त्या दिवशी ते माझ्या डोळ्याची विचारपूस करायला आले होते. ती अर्ध्या मिनिटात झाली. मग ह्यांनी सहज सांगितलं, की हिचे केस धुवायचा जरा घोळ आहे. भावजींनी खुर्ची पुढे ओढली.

“वहिनी, प्रश्न काय आहे?”

“केस धुवायचेत.”

“तो हेतू झाला. प्रश्न काय आहे?”

“तोंड भिजू द्यायचं नाही.”

“असं सांगा.” त्यांनी खिशातलं पेन काढून त्याचं टोक हवेतल्या हवेत माझ्या कपाळापासून मानेपर्यंत फिरवलं. “म्हणजे हे सगळं पाणलोट क्षेत्र. विसर्ग मागच्या बाजूला. आणि बुडित क्षेत्र शून्य.”

“भावजी, तो पुसायचा शाम्पू मिळतो...”

“मिळतो ना. पण मुळात जो प्रश्न सुटण्यासारखा आहे, त्याला पळवाट कशाला?”

मी म्हटलं, मग पार्लरमध्ये जाऊन येते, तिथे मान मागे टाकून धुवायचं भांडं असतं, ती मुलगी दहा मिनिटांत धुऊन देईल. भावजींनी मोबाइल काढला. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीविरुद्ध काहीतरी साठवलेलं असतं. १९९३ साली अमेरिकेतल्या एका डॉक्टरने पाच बायकांची हकिगत लिहिली होती. पार्लरच्या भांड्यात मान फार मागे वाकवल्यामुळे मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी दबली आणि त्यांना मेंदूचा त्रास झाला. हे खरं आहे, मी नंतर तपासलं. पण जगभरात रोज किती बायका त्या भांड्यात मान टाकतात आणि त्यांतल्या कितींना काही होतं, हे विचारायची सोय नव्हती, कारण आमचे हे तोवर पांढरेफटक पडले होते. मेंदू म्हटलं की ह्यांचं असंच होतं. पार्लर बाद झालं.

आणि मग घरच्या पलंगाच्या कडेवरून मान मागे टाकून, तितकीच किंवा जरा जास्तच वाकवून, केस धुवायचं ठरलं. या विसंगतीकडे मी बोट दाखवलं. भावजी म्हणाले, “इथे देखरेख आहे.”

दुसऱ्या दिवशी ते तयारीनिशी हजर झाले. बरोबर मोजपट्टी, मेणकापड, पाणसळ आणि माझी जाऊ. जाऊ टॉर्च धरायला. भर दुपार होती, खोलीत लख्ख उजेड होता, पण पाहणीला टॉर्च लागतो.

मला पलंगावर आडवं केलं, डोकं कडेच्या बाहेर. डोक्याखाली मेणकापडाची घळ करून ती बादलीत सोडली. इथवर मला मान्य होतं. मग कपाळावर काहीतरी गार टेकलं. वाटी लावलेला डोळा बंद, दुसरा किलकिला करून पाहिलं तर पाणसळ. गवंडी फरशी बसवताना ठेवतो ती, पिवळी, मध्ये काचेची नळी असलेली.

“बुडबुडा मध्यावर आहे,” भावजी म्हणाले.

“मग चांगलं ना?” हे म्हणाले.

“फरशी असती तर चांगलं. सपाट कपाळावर पाणी थांबणार, आणि थांबलेलं पाणी कुठे जाईल ते सांगता येत नाही. वहिनी, उतार बरोबर नाही.”

माझ्या खांद्याखाली उशी आली. बुडबुडा सरकला. दुसरी उशी आली. बुडबुडा फार सरकला, एक काढली. मग चादरीची घडी. मी म्हटलं, माझी मान अवघडली. भावजी म्हणाले, एवढं डावीकडचं झालं की झालंच. मोजपट्टीने त्यांनी भुवईपासून केसांपर्यंतचं अंतर घेतलं आणि समाधानाने मान हलवली. “कपाळ मोठं आहे. हे आपल्या बाजूने आहे. पाण्याला इतकं अंतर कापून यावं लागेल.”

लग्न ठरताना याच कपाळाबद्दल याच घरातून वेगळं मत आलं होतं. असो.

“पाणी उताराने जातं, हे शाळेतलं झालं,” भावजी आता ह्यांना समजावून सांगत होते. माझ्या डोक्यावरून, अक्षरशः. “खरं पाणी चिकटतं. किटलीतून हळू ओतून बघ, धार चोचीवरून मागे वळते आणि किटलीच्या पोटावरून खाली येते. कपाळही गोल आहे. हळू ओतलंस तर चिकटत चिकटत मागे येईल, थेट डोळ्यात. जोरात ओतलंस तर उडेल. मधला वेग हवा.”

हे मात्र त्यांचं बरोबर होतं. या किटलीच्या थेंबावर मोठमोठ्या लोकांनी डोकी चालवली आहेत. जोसेफ केलर आणि जाँ-मार्क व्हँडन-ब्रोक या गणितज्ञांना न ठिबकणारी चोच कशी असावी याच्या आकडेमोडीबद्दल १९९९ साली इग नोबेल मिळालं. हसू येईल आणि मग विचार करायला लावील अशा संशोधनाला ते देतात. पलंगावर लटकत्या डोक्याने मला विचारच आला, हसू नाही.

“मधला वेग म्हणजे किती?” ह्यांनी मग उचलून विचारलं.

“ते आपण ओतून ठरवू.”

म्हणजे माझ्यावर.

पण त्याआधी बांध राहिला होता. भावजींच्या पिशवीतून त्यांच्या नातवाची न्हाण्याची झालर निघाली. लहान मुलांच्या डोळ्यांत फेस जाऊ नये म्हणून डोक्याभोवती बसवतात ती मऊ प्लास्टिकची चकती. रंग पिवळा. पुढे बदकाची चोच आणि चोचीवर दोन गोल, अत्यंत आनंदी डोळे. दोन वर्षांच्या डोक्याची ती वस्तू शेवटच्या बटणापर्यंत ताणून माझ्या केसांच्या कडेला बसवली. कपाळावर रुतली. मी म्हटलं, दुखतंय. भावजी म्हणाले, “घट्ट बसली म्हणजे सांधा पक्का.” तरी कानशिलाशी फट राहिलीच, तिथे ओठांना लावायची जेली बोटाबोटाने थापली. याला ते ग्राउटिंग म्हणाले. जाऊबाई टॉर्च मारून फटी दाखवत होत्या, “इथे अजून, इथे अजून.”

हे तोवर म्हणाले, पोहण्याचा चष्मा घातला तर? मी पहिल्यांदा मोठ्याने “नाही!” म्हटलं. डोळ्यावर दाब येऊ द्यायचा नाही, हे त्याच कागदावर ठळक अक्षरात होतं. पण तो कागद माझ्याशिवाय कुणी पूर्ण वाचलेलाच नव्हता. समितीतल्या एकानेही नाही. तो फ्रिजच्या दारावर लावलेला होता, जिथे सगळे दिवसातून दहा वेळा उभे राहतात.

पहिला मग ओतला. पाणी गार होतं. आधी कोमट होतं म्हणे, पण पाणसळीत वेळ गेला. टाळूवर पडल्याबरोबर माझा श्वास वरच अडकला आणि खांदे उचलले गेले.

“वहिनी, पातळी बदलू नका!”

मग दुसरा, तिसरा. खरं सांगते, त्या गारठ्यातही इतक्या दिवसांनी टाळूला पाणी लागलं तेव्हा जे वाटलं ते मी कुणाला सांगणार नाही, त्यांना तर नाहीच. शाम्पू लावला ह्यांनी. या माणसाने इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या केसांना हात लावायचे प्रसंग आले ते ‘भिंतीला डाग पडतात, डोकं टेकू नकोस’ हे सांगण्यापुरते. बोटं कशी चालवायची ते माहीत नसल्यामुळे ते तळहाताने गोल गोल पुसत होते. स्कूटर पुसतात तसं. मी म्हटलं, नखांनी जरा घासा. ते म्हणाले, भावजींना विचारतो.

गळती डावीकडून झाली. मला आधी कळली. कानाच्या वरच्या वळणात काहीतरी सुळकन घुसलं, तिथे जेली नव्हती, कारण कानात कोण जेली भरणार? भावजी वाकले. “कानात जाणं हे डिझाइनमध्ये गृहीत आहे. तो सांडवा समजा.”

“आणि हे?” जाऊबाई म्हणाल्या.

‘हे’ म्हणजे एक थेंब होता. झालरीच्या वरून, नेमका बदकाच्या चोचीच्या मुळातून निसटून तो कपाळावर आला होता. मी त्याला बघू शकत नव्हते, पण तो कुठे आहे ते मिलिमीटरने सांगू शकत होते. मध्यावर आला. थांबला. खोलीत कुणी बोलेना. हे मग घेऊन तसेच उभे. थेंबाने जरा विचार केला, उजवीकडे वळला आणि भुवईच्या वरच्या कडेला येऊन टेकला. ऑपरेशनच्या डोळ्याच्याच. भुवई कशासाठी असते? घाम आणि पाणी डोळ्यात न येता बाजूला वळावं यासाठी असते असं शास्त्र सांगतं. आयुष्यभर मी तिला दोऱ्याने कोरून बारीक करवत आले, तरी तिने राग धरला नाही. थेंब भुवईच्या केसांत शिरला, कडेकडेने बाहेरच्या टोकाकडे निघाला...

“पुसा ना!” मी ओरडले.

“थांबा वहिनी, कुठे जातोय ते बघू द्या.”

कुठे जातोय ते बघू द्या! माझा डोळा, आत कोरं करकरीत भिंग, चिरेला टाका नाही, आणि हे गृहस्थ प्रवाहाचा अभ्यास करतायत. मी हात उचलला तर ह्यांनी हात धरला, “डोळ्याच्या आसपास नको!” शेवटी जाऊबाईंनीच कापसाने टिपलं. तेही एका हाताने, कारण दुसऱ्या हातात टॉर्च नव्हता, केव्हापासून ते कळलंच नाही, मोबाइल होता.

भावजींनी पाहणीचा निष्कर्ष सांगितला. “गळती परवानगीच्या मर्यादेत आहे.”

सगळे खूश झाले. ह्यांनी भावजींशी हस्तांदोलन केलं. आणि मला म्हणाले, “ऊठ आता.”

उठायचा विचार कुणीच केलेला नव्हता. धुण्याचा आराखडा होता, उठण्याचा नव्हता. केस स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं पाणी पोटात घेतात, आणि दोन केसांच्या मधल्या फटींत धरून ठेवतात ते वेगळंच. लांब केस म्हणजे भरलेली टाकी. आडवी आहे तोवर ठीक, उभी केली की सगळं खाली. टॉवेल कुठाय म्हटलं तर टॉवेल दोरीवर. दोरी गच्चीत. ह्यांना गच्चीत पाठवलं तर तिथून आवाज, “यातला कुठला?” मान मागे टाकून, बदक घालून, कानात पाणी घेऊन मी छताकडे बघत पडून राहिले. आमच्या छताच्या कोपऱ्यात ओल आली आहे. नव्या डोळ्याने स्वच्छ दिसली. मी भावजींना सांगितली नाही.

संध्याकाळी व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर गेला. मी पाहिला. मधोमध बदक हसतंय, त्याच्या खाली माझी उलटी हनुवटी, आणि मागून आवाज, ‘पातळी बदलू नका’. खाली अंगठे, जोडलेले हात, ‘भावजी, कमाल!’, ‘दादांची सेवा बघून डोळे पाणावले’. डोळे पाणावले! एकाने विचारलं, बाळ कुणाचं? वहिनी कशा आहेत, हे शेवटच्या दोघा-तिघांनी विचारलं, आणि त्याला ह्यांनी उत्तर दिलं, ‘एकदम मस्त, काहीच त्रास नाही.’ मी याच खोलीत होते. मला विचारता आलं असतं.

यात वाईट हे आहे, की मी रागावूही शकत नाही. माणसं धावून आली. स्वतःची दुपार घालवली. मी सासूबाईंचं असंच डोकं धुवायचे तेव्हा कुणी व्हिडिओ काढला नव्हता आणि कुणाचे डोळेही पाणावले नव्हते, हे मनात येतं आणि लगेच आपण कोत्या मनाच्या आहोत असंही वाटतं. मग वाटतं, असू. डोळा बरा होईस्तोवर कोतं राहायला डॉक्टरांची हरकत नसावी. कागदावर तसं काही नाही.

आता दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरतंय. डॉक्टर म्हणाले, पहिला नीट स्थिरावला की तो करू. घरी येईपर्यंत ही बातमी भावजींना लागली होती. काल आले ते आलेखाच्या कागदावर रेघा मारून. वर शीर्षक ‘टप्पा २’. मला बाजूने काढलंय, नाक जरा जास्तच आलंय. डोक्याखाली उताराचे बाण, कानाशी ‘सांडवा (सुधारित)’ आणि बाणाच्या टोकाला कापसाचा बोळा. पलंग भिंतीपासून फिरवायचा, म्हणजे कपाट हलवायचं. वाळूच्या पिशव्यांचं मी बोलता बोलता सांगून बसले होते, त्या दोन्ही बाजूंना काढल्यात. अगदी खाली उजव्या कोपऱ्यात तीन सह्यांची जागा आहे: देखरेख, अंमलबजावणी आणि लाभार्थी. पहिल्या दोन झालेल्या होत्या.

“लाभार्थीची राहिलीय,” भावजी पेन पुढे करत म्हणाले.

शेऱ्याला जागा होती म्हणून मी आधी तिथे लिहिलं, ‘पाणी कोमट असावे. ओतण्यापूर्वी लाभार्थीस विचारावे.’ आणि मग सही केली.

भावजींनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं. “वहिनी, मुद्दा रास्त आहे. पण आराखडा गोठवलाय आता. तापमानाचं पुढच्या बैठकीत घेऊ.”